गाडी काय म्हणतीया

पशुवैद्याला स्टेथोस्कोपच्या आधी गाडी लागते. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात हे कुणी सांगत नाही. मला ते कळलं १९७७ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात पहिली नेमणूक झाली तेव्हा. दवाखाना मलकापूरच्या बाजूला आणि जनावरं डोंगरात, वाड्यावस्त्यांवर, धनगरवाड्यांवर, जिथे एस.टी. दिवसातून एकदा आली तर आली. गाय अडते ती बहुधा रात्री. घटसर्पाची साथ येते ती पाऊस सुरू झाल्यावर, रस्ता वाहून गेलेला असताना. त्या नोकरीत माझ्या हातून जे काही झालं ते दोन चाकांवर बसून झालं. त्या चाकांचं आणि ती चालती ठेवणाऱ्या माणसांचं देणं आता या वयात लिहून ठेवावंसं वाटतं.

पहिली गाडी राजदूत. दूध गोळा करणाऱ्या एका माणसाकडून जुनी घेतली. आमच्या भागात राजदूत म्हणजे दुधाची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हूक तिच्यावर तसेच होते आणि मी ते काढले नाहीत. एकाला औषधांची पेटी, दुसऱ्याला लशीचा बर्फाचा डबा. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवरून ही गाडी साठच्या दशकात भारतात बनवायला घेतली होती. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, मजबूत सांगाडा. वेगाच्या नावाने फारसं काही नव्हतं, पण चिखलातून वजन ओढायला तिच्यासारखी ती. दिव्याची मात्र पंचाईत. इंजिनाचे फेरे कमी झाले की उजेड मंदावायचा. घाटात वळणावर, जिथे रस्ता दिसायलाच हवा, तिथे वेग कमी करावा तर अंधार. मग क्लच दाबून रेस वाढवायची, क्षणभर रस्ता बघून घ्यायचा आणि पुढे सरकायचं.

मलकापूरच्या स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. सगळा तालुका त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायचा, मीही तेच म्हणत असे. शाळा चौथीपर्यंत झालेली. पुस्तकातलं इंजिन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण उघडलेली इंजिनं मोजता येणार नाहीत इतकी. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो आणि उत्साहाने स्वतःच पाना उचलला, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, पाना ठिवा खाली. आधी गाडी काय म्हणतीया ते ऐका, मग हात लावा."

ऐकायची त्यांची रीत अशी: लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पोटाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. मेन बेअरिंगचा घुमणारा आवाज वेगळा, पिस्टनच्या पिनेचा टणक टकटकाट वेगळा, सैल पिस्टन गार असताना बाजूवर आपटतो तो वेगळा. हा शेवटचा आवाज इंजिन तापल्यावर कमी होतो, कारण पिस्टन फुगतो. म्हणून मिस्त्री कधीही आल्या आल्या निदान करत नसत. गाडी गार होऊ देत, मग एकदा ऐकत, तापवून पुन्हा ऐकत. मी गाईच्या डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप ठेवून रवंथाच्या पोटाची हालचाल ऐकणारा माणूस. मला हे काम लगेच ओळखीचं वाटलं. एकदा मी माझा जुना स्टेथोस्कोप त्यांना भेट दिला. त्यांनी तो लावून पाहिला, बराच वेळ ऐकलं आणि माझ्या हातात परत ठेवला. "यात लई आवाज येत्यात. मला एकच पायजे असतोय." निदानाबद्दल माझ्या प्राध्यापकांनी जे सांगितलं त्यातलं बरंच मी विसरलो, हे वाक्य विसरलो नाही. नंतरच्या नोकरीत दहा लक्षणं सांगणारा शेतकरी समोर आला की मी मनात विचारत असे, यातला तो एक आवाज कुठला?

त्या शेडमध्ये मी काय काय शिकलो! पॉइंट साफ करायला पॉलिश पेपरची पट्टी कशी धरायची. फिलर गेज हाताशी नसेल तर दाढीची चार पाती एकत्र धरून पॉइंटची फट कशी बघायची. एक पातं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं जाड, आणि फट हवी साधारण ०.४ मिलिमीटर. प्लगचा रंग वाचायला तिथेच शिकलो. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर हवा जास्त आणि इंजिन तापतंय, विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. जनावराच्या डोळ्याची पापणी उलटून आपण जे बघतो तेच हे.

घाट उतरायची शिकवणही त्यांचीच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली की चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि ऑइल मात्र जवळजवळ बंद. तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो, मागचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि ते आंबा घाटाच्या वळणावर झालं तर पुढे दरी. "उतारावर मधनंमधनं थोडी रेस देत जावा, तिला तहान लागती," असं मिस्त्री सांगायचे. माझी बदली पुढे घाटाखाली देवरुखच्या बाजूला झाली आणि साखरप्याकडे उतरणारा तो घाट माझा नेहमीचा रस्ता झाला. भर पावसात, धुक्यात, समोरचं दहा हातांवरचं दिसत नसताना मी तो उतरलो आहे. पिस्टन कधी धरला नाही. हे त्यांचं देणं मी सगळ्यात वर लिहितो, कारण ते सरळ माझ्या जिवाचं आहे.

सिलिंडर झिजला तेव्हा ते मला कोल्हापूरला घेऊन गेले, शिवाजी उद्यमनगरात. ज्याने उद्यमनगर पाहिलं नाही त्याला कोल्हापूरची अर्धीच ओळख. फाउंड्र्या, लेथ, ड्रिल, ग्राइंडर, गल्लीगल्लीत लोखंडाचा वास. शेतीच्या ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेली ती वसाहत. तिथल्या कारागिराला नमुना दाखवला की तो तसाच भाग घडवून देतो अशी तिची ख्याती, आणि ती खरी आहे. पिस्टन वर-खाली होताना बाजूला रेटा देतो, म्हणून सिलिंडर गोल न झिजता लांबट झिजतो हे मला तिथे बोअर गेज लावून दाखवलं गेलं. मग बोअर मारायचा, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा, नव्या रिंगा घालायच्या आणि गाडी रनिंगमध्ये हळू चालवायची. बोअर मारणारे काका मशीन सुरू करण्याआधी हातातला सिलिंडर फिरवून उजेडाकडे धरत आणि आत बघत. मापं तर गेजवर होतीच. तरी ते बघत. मला वाटतं, त्या बघण्यात त्या लोखंडाबद्दल आदर होता.

मिस्त्रींनी माझ्याकडून मजुरी कधी धड घेतली नाही. "द्या काय द्याचं ते," म्हणायचे आणि दिलं की त्यातलं निम्मं परत करायचे. मग एका रात्री त्यांची म्हैस अडली. त्यांचा मुलगा बोलवायला आला, मी राजदूत काढली आणि वस्तीवर गेलो. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता. गाईपेक्षा म्हशीत हे जास्त बघायला मिळतं, आणि वेळ गेली तर रेडकू जातं, पाठोपाठ म्हैसही. यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. पीळ ज्या बाजूला त्या कुशीवर म्हशीला पाडायचं, पाय बांधायचे, पोटावर लांब फळी ठेवून तिच्यावर माणूस उभा करायचा, आणि मग म्हशीला पिळाच्याच दिशेने लोळवायचं. गर्भ फळीखाली स्थिर राहतो, शरीर फिरतं आणि पीळ सुटतो. फळीवर मिस्त्री उभे राहिले. कंदील त्यांच्या बायकोच्या हातात. पुन्हा पुन्हा लोळवल्यावर माझ्या हाताला वाट मोकळी लागली आणि थोड्या वेळाने रेडकू बाहेर आलं, जिवंत. मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या खोलीबाहेर राजदूत उभी होती ती धुऊन, साखळीला ग्रीस लावून, ब्रेक आवळून. त्यानंतर आमच्यात पैशाचा विषय निघाला नाही. कोण कोणाचं किती लागतं हे दोघांनीही कधी मोजलं नाही, आणि म्हणूनच ते आजही फिटलेलं नाही.

१९८३ मध्ये येझदी घेतली, नवी कोरी रोडकिंग. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत असत त्या काळात ही गाडी मिळाली हेच भाग्य. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनत. परवान्याची मुदत संपल्यावर १९७३ पासून त्याच कारखान्याने त्या वंशाच्या गाड्या येझदी नावाने काढल्या. २५० सीसीचं एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. किक आणि गिअर एकाच दांड्यात: दांडा आत दाबून वर फिरवला की तो किक होतो, मारून झाल्यावर परत खाली आणला की गिअर. शिवाय गिअरचा दांडा पायाने दाबला की आतल्या आत क्लच सुटतो, हाताने क्लच दाबायची गरजच नाही. ही रचना ज्याने केली त्याला चिखलात एका हाताने गाडी सावरणाऱ्या माणसाची काळजी होती, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

येझदीने माझ्याकडून सगळ्यात मोठं काम करून घेतलं. ते दिवस संकरित गाईंचे होते. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ सुरू केली आणि गोठलेल्या वीर्याच्या कांड्या शेतकऱ्याच्या दारात नेऊन कृत्रिम रेतन करायचं, गाय केंद्रावर आणायला लावायची नाही, ही पद्धत रुजवली. आमच्या खात्यातही तेच वारं आलं. पण कांड्या ठेवायच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला. नायट्रोजनचं भांडं आडवं करून चालत नाही, झाकण घट्ट बसवून चालत नाही कारण वाफ बाहेर पडायलाच हवी, आणि हिसका बसून मानेला तडा गेला तर निर्वात कवच निकामी होतं, सगळ्या कांड्या वाया. असं भांडं शाहूवाडीच्या दगडी वाटांवरून न्यायचं कसं?

देवरुखहून मी पुन्हा घाटावर आलो होतो. मिस्त्रींनी भांडं हातात घेऊन वजन बघितलं, झाकण उचलून आतली वाफ बघितली, चार दिवस विचार केला. मग येझदीच्या कॅरिअरवर लोखंडी पट्टीचं कडं वेल्ड केलं, आतून जुन्या टायरचे तुकडे लावले, आणि कडं थेट सांगाड्याला न जोडता ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलं. गाडी उसळली तरी भांडं झुलायचं, आपटायचं नाही. त्या कड्यातून गेलेल्या कांड्यांच्या होल्स्टिन आणि जर्सी कालवडी पुढे त्या डोंगरातल्या कितीतरी गोठ्यांत उभ्या राहिल्या. दुधाचे पैसे दहा दिवसांनी हातात येऊ लागले, त्यावर पोरांच्या शाळा झाल्या. धवलक्रांतीच्या इतिहासात संस्थांची नावं असतात आणि ती असायलाच हवीत. त्या कड्याचं नाव कुठे नाही, म्हणून इथे लिहितो.

माझी बायको त्याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिची लुना, नगरच्या कायनेटिकची. पॅडल मारून सुरू करायची, चढावर पुन्हा पॅडल मारून मदत करायची. "अहो, तुमच्या गाडीला मिस्त्री लागतो, माझीला नाही," असं ती म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं. लुनाने गावोगावच्या मास्तरीणबाई, नर्स आणि ग्रामसेविका यांना कोणाच्या मागे न बसता हिंडायला शिकवलं. त्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहायला हवं.

साताऱ्याकडे बदली झाल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट आली. लष्करातून निवृत्त झालेल्या अपशिंग्याच्या एका सुभेदारांनी ती विकली. विकली म्हणण्यापेक्षा सोपवली. पैसे घेण्याआधी त्यांनी मला त्यांच्या अंगणात सकाळभर किक मारायला शिकवलं. सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी निवडली आणि १९५५ पासून मद्रासला ती जुळवली जाऊ लागली, हे त्यांनी एखाद्या पलटणीचा इतिहास सांगावा तसं सांगितलं. ३५० च्या बुलेटला घाई चालत नाही. किक हळूहळू खाली दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचं, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे न्यायचा, लिव्हर सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग एकच, पूर्ण, शेवटपर्यंत. अर्धवट मारलेली किक उलटते आणि घोटा मोडते. "जोर नको साहेब, वेळ साधा," सुभेदार म्हणत.

बुलेटच्या टॅपेटचं सेटिंग मला फार आवडायचं. इंजिन पूर्ण गार हवं. पुशरॉड दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायचा. तो सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये. गेज नाही, आकडा नाही, फक्त बोटं. गाईच्या गर्भाशयाची धमनी हाताला लागते ना लागते ते ओळखण्यात ज्याची बोटं तयार झाली आहेत त्याला यात परकं काही नव्हतं. ती धडधड, ते ओतीव लोखंडाचं इंजिन, उजव्या पायाशी गिअर आणि डाव्या पायाशी ब्रेक, सगळ्याची सवय झाली. नंतर कोणतीही गाडी चालवली तरी उजवा पाय पुढची कितीतरी वर्षं गिअर शोधत राहिला.

हिरो होंडाबद्दल थोडकंच सांगतो. १९८५ ला सीडी १०० आली आणि भारतातलं रस्त्यावरचं जगणं बदलून गेली. फोर-स्ट्रोक, धूर नाही, लिटरला न ऐकलेलं अंतर. भरा, बंद करा, विसरा, अशी तिची जाहिरात होती आणि ती जाहिरातीला जागली. आमच्या घरातही एक होती, मुलगा तिच्यावर सांगलीला कॉलेजात जायचा. तिने त्रास दिला नाही. त्यामुळे तिच्या निमित्ताने मला कोणी भेटलंही नाही.

टू-स्ट्रोक गाड्या बंद झाल्या ते योग्य झालं. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असताना एक्झॉस्टची वाट उघडीच असते, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल थेट हवेत जातं. शहरातल्या पोरांच्या छातीत जाणारा तो निळा धूर मला कधीच भूषणाचा वाटला नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला तेव्हा वाईट वाटलं, पण धुराची बाजू घ्यावीशी वाटली नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं. हवा स्वच्छ होते आहे तर ते यायलाच हवं. गेलं ते एवढंच, की रस्त्याकडेला बसून, पाना हातात घेऊन, आपल्या गाडीत काय चाललं आहे ते आपलं आपल्याला कळण्याची सोय.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूर कधी विसरणार नाही. मी निवृत्त होऊन शुक्रवार पेठेत राहत होतो. पंचगंगा घरात आली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, आणि येझदी, बुलेट दोन्ही गाड्या टाकीपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत गाड्यांच्या रांगा लागल्या, गाळाने माखलेल्या. अशा वेळी किक मारणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो, कारण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मलकापूरच्या शेडमध्ये एकेकाळी पाने पुसून देणारा पोऱ्या आता कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज चालवतो. तो चिखल तुडवत आला. "डॉक्टर, हात लावू नगा," म्हणाला. प्लग काढले, ऑइल सोडलं, सिलिंडरमध्ये डिझेल घातलं, चाक हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं, मॅग्नेटो खोलून वाळवला. त्याने गल्लीतल्या किती गाड्या अशा चालू केल्या कोण जाणे. पैसे मागताना मी त्याला पाहिलं नाही. दुधवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या, रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या गाड्या आधी, माझ्या शेवटी. त्याचं बरोबर होतं. येझदी सुरू करण्याआधी त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, इंजिनाला लावला, मूठ कानामागे टेकवली आणि डोळे मिटले.

मिस्त्री तोवर गेलेले होते. त्यांच्या हातांत जे होतं ते कुठल्याही कागदावर नाही. ते या पोऱ्यात आहे, उद्यमनगरातल्या बोअरवाल्या काकांच्या पुतण्यात आहे, थोडंसं माझ्यात आहे. येझदीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नूतन करावं लागतं, पर्यावरण कर भरून. तो मी भरतो. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी एकत्र जमतात, तिथे तरुण मुलं चकाकत्या गाड्या घेऊन येतात आणि पॉइंटची फट किती ठेवायची ते विचारतात. मी चार पाती काढून दाखवतो.

माझी एक विनंती आहे, आणि ती आयटीआयच्या प्राचार्यांना व ऑटोमोबाइल शिकवणाऱ्यांना आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावात साठी-सत्तरीतले असे दोन-तीन मिस्त्री अजून आहेत. त्यांना वर्गात बोलवा. मानधन द्या, खुर्ची द्या आणि मुलांसमोर एक जुनं इंजिन त्यांच्या हाताखाली ठेवा. गाडी ऐकायची कशी हे इंजेक्शनच्या गाडीवर काम करणाऱ्यालाही लागतंच. स्कॅनर कोड दाखवतो, बेअरिंगचा आवाज दाखवत नाही. शाहूवाडी, करवीर आणि पन्हाळ्यातल्या अशा माणसांची यादी माझ्याकडे आहे. ज्याला हवी त्याने मागावी, मी त्याला येझदीवरून नेऊन त्यांची गाठ घालून देईन.